जरा बाजूला

१

आभाळ भरून आलं की नांदेडात लोक गच्चीवरचे कपडे काढायला धावतात. मार्तंडराव पांगरेकर कॅमेऱ्याची बॅग काढायला धावायचे. कॉलेजात उभी हयात भूगोल शिकवलेला माणूस. पण फळ्यावर ढग काढण्यापेक्षा डोंगरावर जाऊन ते पकडण्यात त्यांना खरा रस. निवृत्तीनंतर तर रानच मोकळं झालं. "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत," असं त्यांच्या पत्नी राजश्रीबाई म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांचा लाडका डोंगर म्हणजे देगलूरहून उदगीरकडे जाताना लागणारा सोमेश्वर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हसू यावं एवढाच उंच. पण श्रावणात त्याच्या माथ्यावर ढग उतरतात, आणि मग तिथलं काही म्हणजे काही भरवशाचं राहत नाही. आत्ता ऊन आहे म्हणून चष्मा पुसावा, तर चष्मा डोळ्यावर चढेपर्यंत समोरचा डोंगरच नाहीसा. माथ्यावर महादेवाचं छोटं दगडी देऊळ, पूर्वेकडून चढणारी पायऱ्यांची वाट, आणि पश्चिमेला सुरीनं कापल्यासारखा कडा.

पायथ्याशी उमाबाईंचं पत्र्याचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. दोन बाकं, एक स्टोव्ह, आणि बिस्किटाच्या बरण्या. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर हिरवं इरकली लुगडं, बोलणं थोडं आणि तेही हळू. गाव कानडी मुलखाला लागलेलं, त्यामुळे चहा ओतताना त्या 'पुरे का' न म्हणता "साकू?" म्हणायच्या. समोरचा 'बास' म्हणेपर्यंत किटली काही सरळ व्हायची नाही. एकदा मार्तंडराव आभाळाकडे बघण्यात गुंग होते. कप भरला, बशी भरली, चहा बाकावरून खाली सांडला, तरी उमाबाई आपल्या ओततच होत्या. "अगं आई!" म्हणून त्यांचा मुलगा सोमेश ओरडला तेव्हा कुठं सगळे हसले. उमाबाईसुद्धा हसल्या. "साहेब बास म्हणले न्हाईत," एवढंच त्या बोलल्या.

मार्तंडरावांना याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. कॉलेजच्या संमेलनात, लग्नामुंजीत ग्रुप फोटो तेच काढायचे. "जरा बाजूला... अजून... अजून... हं, बास!" फोटोवाला बास म्हणेपर्यंत माणसं सरकत राहतात, मागं गटार असलं तरी सरकतात. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याचं ऐकायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, आणि उजव्या हाताचा पंजा हवेत बाजूला झटकायचा, ही मार्तंडरावांची सवय तिथलीच. तो हात कुणासाठी हलतोय हे बघायला त्यांनी मान कधी वर केली नाही.

२

तो श्रावणी सोमवार होता. मार्तंडराव पिवळा रेनकोट घालून सकाळपासून माथ्यावर ठाण मांडून बसले होते. ट्रायपॉड देवळाच्या पाठीमागे, कॅमेऱ्याचं तोंड दरीकडे, उजव्या हाताला कडा. ढग येत होते, जात होते, आणि हवा तसा उजेड काही पडत नव्हता. नांदेडच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. दरवर्षी आपला फोटो आत शिरतानाच्या भिंतीवर लागावा अशी त्यांची इच्छा, आणि दरवर्षी तो आतल्या खोलीत पंख्याखाली लागायचा.

मग एकदम ढग फाटले. समोरच्या उतारावर उन्हाचा एक पट्टा सरकत सरकत वर येऊ लागला. अजून थोडं वर आला की झालं, असं म्हणत मार्तंडरावांनी डोळा लावला, आणि नेमक्या त्या पट्ट्याच्या वाटेत एक हिरवा ठिपका येऊन उभा राहिला. कुणीतरी बाई. हातात बेलाची दुरडी. ढगात देवळाची वाट चुकली असावी आणि माणूस दिसला म्हणून थांबली असावी.

"जरा बाजूला!" मार्तंडराव ओरडले आणि हात झटकला.

बाई सरकली.

"अजून!"

अजून सरकली. खालून ढगाचा एक लोट आला आणि ती त्यात अर्धी बुडाली. उन्हाचा पट्टा जवळ येत होता. मार्तंडरावांचा हात हलतच होता. "अजून... अजून..."

"साकू?" ढगातून आवाज आला.

त्या घटकेला ऊन पोचलं. मार्तंडरावांनी बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग सपाटाच लावला. सगळा उतार सोन्यासारखा पेटला आणि विझला. असा उजेड जन्मात एकदा मिळतो. त्यांच्या अंगावर काटा आला, डोळ्यात पाणी आलं. मग ढगांनी सगळं झाकून टाकलं, आणि ते गुणगुणत ट्रायपॉड आवरायला लागले. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं हे त्यांच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही.

ते आठवलं ते खाली उतरल्यावर. हॉटेलात सोमेश एकटाच स्टोव्हशी झटत होता.

"सर, आई दिसली का वरी? बेल घेऊन गेलती सकाळी. अजून न्हाई आली."

हिरवं लुगडं, दुरडी, आणि तो आवाज. ज्या आवाजाला ते इतकी वर्षं 'बास' म्हणत आले होते तोच. हो म्हणावं, तर कुठं दिसली हे सांगावं लागणार. कड्याच्या बाजूला. का? मी सरकवली म्हणून. येईल आत्ता उतरून, कशाला उगाच, असं त्यांच्या मनात आलं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "वर कुणीच नव्हतं."

आणि चहा न घेताच गाडीत बसले.

३

नांदेडला घरी येऊन त्यांनी फोटो संगणकावर घेतला. सगळ्यांत चांगल्या फोटोत ती होतीच. चौकटीच्या मध्याहून थोडी उजवीकडे, ढगात कमरेपर्यंत बुडालेली, नखाएवढी. फोटो तिच्यामुळे बिघडत होता. विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर, रस्त्यावरच्या म्हशी हे सगळं मार्तंडराव नेहमी पुसायचे, आणि त्यात त्यांचा हात बसलेला होता. शेजारचा ढग उचलायचा आणि नको त्या जागेवर लावायचा. लुगडं पुसलं गेलं, मग दुरडी, मग डोकं. स्वच्छ डोंगर उरला. फोटो मंडळाला पाठवून ते समाधानानं जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सोमेशचा फोन आला.

"सर, आई रातीबी आली न्हाई. गाव सगळं धुंडून राहिलाव. पोलिसबी आलेत. पायऱ्यांच्या बाजूनं सगळं रान बघितलं, सर."

"आणि कड्याकडे?" हे मार्तंडरावांच्या तोंडून नकळत निघून गेलं.

"तिकडं कशाला जाईल, सर? जन्म गेला तिचा हितं. कड्याकडं ती शेरडंसुदिक जाऊ देत नव्हती. सर, तुमी काल फोटू काढलाव ना. कुठं मागं बारीक दिसती का बघा ना जरा. लई उपकार होतील, सर."

सोमेश 'सर' म्हटल्याशिवाय वाक्य पुरं करत नसे. तो 'सर' मार्तंडरावांना त्या दिवशी फार लागला. आता सांगावं. फक्त एवढंच म्हणायचं, की अरे हो, आहे बघ. पण मग काल नाही का म्हणालात? लाज अशी असते, की पहिल्या दिवशी ती मुठीत मावते आणि दुसऱ्या दिवशी दारात मावत नाही.

"बघतो," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला. "सगळे फोटो पाहिले रे. नाहीये."

४

पुसलेला फोटो मंडळाकडे गेला होता, पण मूळ फोटो संगणकात तसाच होता. तो काढून टाकायचा धीर मार्तंडरावांना झाला नाही, आणि कुणाला दाखवायचाही झाला नाही. मग ते नुसतेच तो उघडून बसायला लागले. राजश्रीबाई देवपूजेला बसल्या की दार लोटून घ्यायचे आणि बघायचे.

असंच एकदा उघडला तेव्हा त्यांना वाटलं, ही आधीपेक्षा जास्त उजवीकडे आहे.

त्यांनी स्वतःलाच वेड्यात काढलं. त्या दिवशी सपाटा लावला होता. हा शेजारचा फोटो असेल. पाहिलं, तर तोच होता. मग चौकट कमीजास्त झाली असेल. तीही झाली नव्हती. भूगोलाच्या माणसाला खूण ठेवायची सवय असते. राजश्रीबाईंच्या आरशावरची एक लाल टिकली त्यांनी उचलली आणि संगणकाच्या पडद्यावर, बरोबर त्या बाईच्या डोक्यावर चिकटवली. फोटो बंद केला. चहा पिऊन आले. परत उघडला.

टिकली डोंगरावर होती. बाई टिकलीच्या पलीकडे होती.

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाल्याची हाक चालली होती. सगळं नेहमीसारखं होतं. मार्तंडरावांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. चेहऱ्याच्या जागी नुसते करडे चौकोन राहिले. तरी एक गोष्ट कळत होती. तिचं तोंड वाटेकडे नव्हतं, दरीकडे नव्हतं, ज्या कड्याकडे ती सरकत होती तिकडेही नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत होती. फोटोवाल्याकडे बघावं तसं. आज्ञेची वाट बघत.

त्यांनी संगणकाचं बटण तसंच दाबून बंद केलं. टिकली काढायला हात पुढं केला, आणि पडद्याला हात लावण्याची त्यांना एकाएकी किळस आली. टिकली तिथंच राहिली.

"माझी टिकली तिथं कशी हो?" राजश्रीबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"डोळ्यांच्या व्यायामाला," मार्तंडराव म्हणाले. आता खोटं बोलायला त्यांना विचार करावा लागत नव्हता, आणि याचीही त्यांना लाज वाटली.

५

प्रदर्शनात फोटो आत शिरतानाच्या भिंतीवर लागला. इतका मोठा, की माणसानं त्यात पाऊल टाकावं. लोक त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. "सर, काय उजेड पकडलाय!" "एकसुद्धा माणूस नाही फ्रेममध्ये, काय शांतता!" मार्तंडराव मान हलवत होते. ज्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं जीव टाकला तिच्यासमोर उभं राहताना त्यांना चोरासारखं वाटत होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं. फोटोसमोर येणारा माणूस आधी मधोमध उभा राही. थोडा वेळ बघे. मग नकळत एक पाऊल उजवीकडे सरके. मग अजून एक. शेवटी चौकटीच्या कडेला पोचे आणि पुढच्या फोटोकडे निघून जाई. बाया, म्हातारे, सगळे तसेच. ट्यूबलाइटची तिरीप काचेवर पडत असेल, असं मार्तंडरावांनी मनाला समजावलं. उठून पाहिलं. फोटोला काच लावलेलीच नव्हती.

राजश्रीबाई मात्र सरकल्या नाहीत. त्या बराच वेळ एकाच जागी बघत उभ्या होत्या. मग त्यांनी एका ढगावर बोट ठेवलं.

"हा ढग दोनदा आहे. हा आणि हा. अगदी सारखा." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "इथं काय होतं हो?"

"खांब होता," मार्तंडराव म्हणाले.

राजश्रीबाईंनी पुढं विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोचं न विचारणं फार वाईट असतं.

फोटो एका स्थानिक दैनिकात छापून आला आणि दोन दिवसांत सोमेशचा फोन. मार्तंडरावांनी तो घेतला, कारण न घेण्याचीही त्यांना भीती वाटत होती.

"सर, फोटू बघितला पेपरात. लई झ्याक हाय, सर. सोमवारचाच ना तो? सकाळचा?"

"हो."

"म्हंजे आई गेली त्याच वखताचा. कडा सगळा साफ दिसून राहिला, सर. तिकडं कुणीबी न्हाई." त्याचा आवाज एकदम थकला. "आमची पोरं आज दोर बांधून कड्याखाली उतरणार व्हती. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या. सरांच्या फोटूत दिसतंय ना, आई तिकडं गेलीच न्हाई. उगं कुणाचा पाय घसरायचा. तुमच्या फोटूमुळं लई काम झालं, सर."

फोन ठेवल्यावर मार्तंडराव न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसून राहिले. आपल्या तोंडावर थुंकावं असं माणसाला वाटतं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

६

बाहेर येऊन त्यांनी राजश्रीबाईंना हाक मारली आणि सगळं सांगितलं. हात कसा झटकला, 'साकू' कसं ऐकलं, नाही कसं म्हणालो, पुसलं कसं. टिकलीचं तेवढं सांगितलं नाही. ते बोलायला जीभ वळली नाही. राजश्रीबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"मूळ फोटो आहे ना? मग दाखवा आधी," त्या म्हणाल्या. "तोच पाठवून द्या सोमेशला. आत्ताच्या आत्ता."

मार्तंडरावांनी संगणक सुरू केला. फोटो उघडता उघडता त्यांना दिसलं, की उजव्या कडेला हिरवं काहीतरी आहे. लुगड्याचा काठ असेल, टाच असेल. "ती बघ!" म्हणेपर्यंत पडद्यावर फोटो पुरा उमटला आणि हिरवं काही उरलं नाही. टिकली होती, उतार होता, ढग होते. पुसलेला फोटो आणि मूळ फोटो आता अगदी सारखे होते, फक्त मूळ फोटोत ढग दोनदा नव्हता.

"इथं तर कुणीच नाही," राजश्रीबाई म्हणाल्या.

"होती. आत्ता होती."

त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मार्तंडरावांच्या मनात त्याही वेळी एक नीच विचार येऊन गेला, की चला, आता पुरावाच नाही. सांगितलं काय, न सांगितलं काय. तो विचार बायकोला चेहऱ्यावर दिसला असावा.

"फोटोत नसू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात ना तिथं? जा. आणि तो पिवळा रेनकोट घालू नका, मला तो आता बघवत नाही."

रेनकोट राजश्रीबाईंनी स्वतःच्या हातानं घडी करून कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

७

सोमेशनं सगळं उभ्यानंच ऐकलं. हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं. स्टोव्ह विझलेला होता. मार्तंडरावांना वाटलं, आता हा हात उगारेल, आणि उगारला तर बरं होईल. पण सोमेशनं खांद्यावरचं उपरणं काढलं, तोंड पुसलं, आणि ते परत खांद्यावर टाकलं.

"दोनदा इचारलं तुम्हाला, सर," तो म्हणाला. "दोन्हीबी टायमाला न्हाई म्हणलाव."

त्यानं कोपऱ्यातला दोर उचलला.

"चला, सर. जागा दाखवा."

ते पायऱ्यांनी वर चढले. आभाळ भरलेलं होतं, पण माथा मोकळा होता. सोमेशच्या हातात दोर, मार्तंडरावांच्या हातात काहीच नाही. कॅमेरा त्यांनी आणलाच नव्हता. देवळामागं ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा चिखलात अजून होत्या.

"मी हितं उभा ऱ्हातो," सोमेश म्हणाला. "आई उभी व्हती तिथं तुम्ही जावा. मी तुमच्या जागंवरून बघतो, कड्याचा कोणता भाग येतो ते. मग तिथूनच दोर टाकू, सर."

बेत शहाणपणाचा होता. मार्तंडराव उतारावर जिथं हिरवा ठिपका प्रथम दिसला होता तिथं जाऊन उभे राहिले. तिथून देवळाकडे बघताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की इथून कॅमेऱ्याजवळचा माणूस किती लांब दिसतो, आणि किती मोठा वाटतो.

"इथं होती. मग इकडं सरकली," त्यांनी हातानं दाखवलं आणि ते कड्याच्या बाजूला दोन पावलं गेले.

"अजून का, सर?" सोमेशनं विचारलं.

"अजून थोडं."

तेवढ्यात खालून ढगाचा लोट आला. इतक्या वेळा पाहिलेला. पण आतून कधी पाहिला नव्हता. आधी पाय गेले, मग हात गेले, मग देऊळ आणि सोमेश गेले. नुसतं ओलं पांढरं राहिलं. पावसाचा आवाज नाही, वाऱ्याचा नाही.

"सोमेश, थांब रे! काही दिसत नाहीये," मार्तंडरावांनी हाक दिली.

"अजून," आवाज आला.

ते एक पाऊल सरकले. खडकाची जागा असेल, इथवर काही भीती नाही, असा त्यांनी हिशेब केला.

"अजून."

सरकले. पायाखाली मुरूम करकरला आणि काही खडे कुठंतरी गेले. ते पडल्याचा आवाज आला नाही. तेव्हा मार्तंडरावांच्या ध्यानात आलं, की या 'अजून'च्या पाठीमागं 'सर' नाहीये.

त्यांच्या अगदी शेजारी बांगड्या वाजल्या. शेजारी म्हणजे कड्याच्या बाजूला. जिथं आता पाऊल ठेवायलाही जागा उरली नसावी अशा ठिकाणी. ओल्या बेलाचा वास आला. आणि त्यांच्या कानाशी, थोडंसं संकोचानं, मोठ्या माणसाचा खोळंबा होऊ नये अशा बेतानं कुणीतरी विचारलं,

"साकू?"

मार्तंडरावांनी सगळा जीव गोळा केला. "बास!" ते ओरडले. "बास, उमाबाई! थांबा! चुकलं माझं, आता अजिबात सरकू नका! बास!"

बांगड्या थांबल्या. कुणीतरी फार वेळ पेललेलं ओझं खाली ठेवावं तसा एक लांब श्वास ऐकू आला, आणि बेलाचा वास विरून गेला. शेजारी कुणी राहिलं नाही. मार्तंडरावांना रडू फुटलं. एवढा एकच शब्द होता. तेव्हा म्हणायला काय झालं होतं?

मग ढग थोडे फाटले.

खाली, फार खाली, पायऱ्यांच्या वाटेवर सोमेश दिसला. तो आता देवळापाशी नव्हताच. ढग उतरलेला बघून गावातल्या माणसांना वर बोलवायला तो केव्हाच खाली धावला होता, आणि हात हलवून त्यांना हाका मारत होता.

आणि देवळाच्या मागं, ट्रायपॉडच्या तीन खुणांवर, पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस वाकून उभा होता. टोपी पुढं ओढलेली, डोळा खाली कशालातरी लावलेला. तोंड दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

मार्तंडरावांनी मागं सरायला पाहिलं. पाय हलला नाही. त्यांना त्या माणसाला हाक मारावीशी वाटली, की अरे, एकदा मान वर कर, एकदा बघ इकडे कोण उभं आहे ते. पण तो मान वर करणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उतारावर उन्हाचा एक पट्टा सरकत सरकत वर येत होता. फार सुंदर उजेड होता तो.

"बास का?" मार्तंडरावांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, इतका तो गरीब झाला होता.

रेनकोटातला उजवा हात वर झाला, आणि पंजा हवेत बाजूला झटकला.

मार्तंडराव सरकले.